सात रेघांची इंग्रजी

दत्तसंप्रदायाशी ज्यांच्या घराण्याचा पिढ्यान् पिढ्या संबंध आहे, अशा आपल्या वाचकांना गुरुचरित्रातील ती कथा नव्याने सांगण्याचे कारण नाही. तरीही आजच्या विषयासाठी तिची उजळणी करतो. विदुर नगरीच्या, म्हणजे बिदरच्या, राजाकडून मानमरातब मिळवलेले दोन उन्मत्त पंडित वाद करा, नाही तर जयपत्र लिहून द्या, असे म्हणत गावोगाव हिंडतात आणि शेवटी गाणगापुरास येतात. श्रीगुरू स्वतः वाद घालीत नाहीत. वाटेने चाललेल्या, समाजाने हीन ठरवलेल्या एका माणसाला ते बोलावून घेतात आणि शिष्याकडून जमिनीवर सात रेघा ओढवतात. एकेक रेघ ओलांडताना त्या माणसाला आपला एकेक पूर्वजन्म आठवतो, आणि सातवी रेघ ओलांडताच तो वेद म्हणू लागतो. पंडितांचा गर्व उतरतो. इथपर्यंतची कथा सर्वांच्या स्मरणात असते. पुढची पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. त्या माणसाच्या अंगाला लावलेले भस्म पुढे स्नानाने धुतले जाते, आणि भस्माबरोबर ती विद्याही निघून जाते.

या कथेतील जातिविचार आज आपण कोणीच मान्य करणार नाही. परंतु तिच्यात शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. जी विद्या वरून अंगाला लावली जाते, ती पाण्यासरशी उतरते.

गाणगापूर आज कलबुर्गी, म्हणजे आपल्या बोलण्यातील गुलबर्गा, जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात आहे. शेजारच्या बिदर जिल्ह्यात भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे तालुके येतात. पलीकडे उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट. या सीमेवरच्या पट्ट्यात मराठी शाळांतून शिकणाऱ्या मुलांचा इंग्रजीकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा आहे, आणि तो तसा का झाला, याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. मी इंग्रजीचा शिक्षक नाही, गाण्याचा आहे. वडील दरबारी गवई. माणिकनगरास प्रभूंच्या समाधीपुढे हजेरी लावण्याचा त्यांचा नेम होता, तो यथाशक्ति मी चालवतो, आणि त्या निमित्ताने तिकडच्या शाळकरी मुलांना चार पदे शिकवण्याचा योग येतो. गाण्याच्या तासाला मुले मोकळेपणी बोलतात. तेथे जे ऐकले, त्यावरून पुढील विचार सुचले.

तिकडच्या मुलांची भाषेची जाण पाहिली की आपण शहरवासीयांनी थक्क व्हावे. भालकीच्या बाजूची एक आठवीतली मुलगी आजीशी मराठीत बोलते, बसच्या कंडक्टरशी कन्नडात, आणि बांगड्या भरताना कासारणीशी घासाघीस करते ती दखनीत. सिनेमा तिला हिंदीत लागतो. बिदरच्या पूर्वेस गेले तर यात तेलुगूची भर पडते. या भाषा तिला कोणी शिकवल्या? कोणीच नाही. तिने त्या कानाने घेतल्या, जिभेवर घोळवल्या, चुकली तेव्हा समोरच्याने समजून घेतले, आणि व्यवहार पुढे चालला. हीच मुलगी इंग्रजीच्या तासाला उभी राहिली की तिचा आवाज घशातच राहतो. जी चार भाषांत लीलया संचार करते, ती पाचव्या भाषेपुढे मुकी होते, हा काय चमत्कार आहे? बुद्धी कमी म्हणावी तर ती चार भाषांत सिद्ध झालेली. आळस म्हणावा तर इंग्रजीच्या वहीत सर्वांत सुवाच्य अक्षर तिचेच.

तेव्हा कारण दुसरे असले पाहिजे. ते शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

या भूमीत भाषा ही नेहमी दोन रूपांनी वावरली. एक बाजाराची आणि देवळाची, दुसरी कचेरीची. बाजार आणि देवळाच्या भाषांत कधी भांडण झाले नाही. गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची घरची भाषा कानडी होती असे परंपरेने मानले जाते, आणि त्यांच्या मराठी ग्रंथाची पारायणे आपण पाचशे वर्षे करीत आलो. माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) मराठीत पदे केली, कन्नडात केली, हिंदुस्थानीतही केली. त्यांच्या दरबारात कोणती भाषा सोवळी आणि कोणती ओवळी हा प्रश्नच नव्हता. कचेरीच्या भाषेचे मात्र तसे नाही. ती सिंहासनाबरोबर येते आणि सिंहासनाबरोबर जाते. निजामाच्या राज्यात आधी फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा संकल्प झाला, १९१८ साली ते स्थापन झाले, आणि तेथे सर्व विषय उर्दूतून शिकवले जाऊ लागले. इंग्रजी हा सक्तीचा विषय राहिला. प्रजेत बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे. त्यांच्या मुलांना वरचे शिक्षण उर्दूतून घेणे प्राप्त झाले. मराठी टिकवण्यासाठी लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेक वर्धिनी या संस्था १९०७ च्या सुमारास उभ्या राहिल्या, त्या याच निकडीतून.

पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. उर्दूचे राजपद गेले, इंग्रजी पुढे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले, आणि तेथे कचेरीची भाषा कालांतराने कन्नड झाली. सीमेचा वाद त्यानंतर महाजन आयोगापर्यंत (१९६६) आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्या वादात मला आज पडावयाचे नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, भालकीच्या एखाद्या घरात पणजोबांचे वतनाचे कागद मोडीत, आजोबांची शाळा-सोडचिठ्ठी उर्दूत, वडिलांचा सातबारासारखा जमिनीचा उतारा कन्नडात, आणि नातवाचा नोकरीचा अर्ज इंग्रजीत, अशी चार पिढ्यांत चार दप्तरे सापडतात. अशा घरातील माणसाने यावरून कोणता धडा घ्यावा? कचेरीची भाषा जो आधी शिकेल तो तरेल, हाच. भाषा म्हणजे परवाना. तिच्यात हसावे, रडावे, भांडावे, गोष्ट सांगावी, अशी ती वस्तूच नव्हे. ती पैदा करावी आणि दारावर दाखवावी.

इंग्रजीकडे तेथील मुले पाहतात ती या वारशाने मिळालेल्या नजरेने. वर्गात फळ्यावर उत्तर लिहिले जाते, मुले ते उतरवून घेतात, घरी घोकतात, परीक्षेत ओततात आणि सुटीत विसरतात. 'माझी आई' या विषयावरचा इंग्रजी निबंध एका वर्गातील सर्व मुलांनी मला म्हणून दाखवला. सर्वांची आई एकच होती, उंच, गोरी आणि शाळेत शिकवणारी. ज्यांच्या आया तुरीच्या शेतात खुरपणीला गेल्या होत्या, त्यांचीही. ही मुले खोटे बोलत नव्हती. इंग्रजीत आपल्या खऱ्या आईविषयी काही सांगता येते, ही कल्पनाच त्यांना कोणी दिली नव्हती.

याचा अर्थ मुलांना इंग्रजी नको आहे असा मात्र कोणी काढू नये. त्यांना ती हवी आहे. किंबहुना दुसऱ्या कोणत्याही विषयापेक्षा अधिक हवी आहे. एका मुलाला मी सहज विचारले, अरे, इंग्रजी तुला कशासाठी पाहिजे? मला वाटले, तो नोकरी म्हणेल, बेंगळुरू म्हणेल, हैदराबाद म्हणेल. तो म्हणाला, "इंग्रजी आली की मग आपल्याला कोणी हसत नाही, सर."

या उत्तराने मला फार विचारात पाडले. या मुलाला हसते कोण? चौकशी करता यादी लांबच निघाली. तो पुण्याला मामाकडे गेला आणि 'काय करलालास' म्हणाला, की मामेभावंडे हसतात. बेंगळुरूला गेला की त्याच्या कन्नडाला हसतात, कारण बिदर-गुलबर्ग्याचे कन्नड म्हैसूरकडच्या कानाला रांगडे लागते. त्याची दखनी ऐकून उत्तरेकडचे उर्दू बोलणारे हसतात. ते तर शतकानुशतके दखनीला हसत आले आहेत. सारांश, या मातीतली प्रत्येक बोली कोठल्या ना कोठल्या राजधानीत हास्यास्पद ठरलेली आहे. या मुलाला इंग्रजी हवी आहे ती शेक्सपियर वाचण्यासाठी नव्हे, आणि केवळ नोकरीसाठीही नव्हे. चोहोंकडून येणाऱ्या हसण्यापासून अंग झाकण्यासाठी त्याला ती हवी आहे. आणि दैवदुर्विलास असा की, तिच्या तासालाच तो सर्वांत अधिक हसला जातो. मग तो तोंड मिटतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, इंग्रजीची भीती इंग्रजीच्या तासाला जन्मत नाही. ती मराठीच्या तासाला जन्मते. पहिलीच्या वर्गात मूल आपल्या आजीची भाषा घेऊन येते. मास्तर म्हणतात, असे नाही म्हणायचे, शुद्ध बोल. पुस्तकातली मराठी ही त्याला शिकवायलाच हवी, याविषयी दुमत नाही. प्रमाण भाषा यावी, लिहिता यावी. पण ती आजीच्या भाषेच्या शेजारी बसवावी, की आजीच्या भाषेला बाहेर काढून? ज्या मुलाला पहिल्याच वर्षी कळते की आपण तोंड उघडले की चूक होते, त्याने भाषा या वस्तूविषयी कायमचा धडा घेतला. तोच धडा तो पुढे इंग्रजीला लावतो. घरच्या भाषेत जो बिनधास्त नाही, तो परभाषेत बिनधास्त होणार कोठून?

येथे गाण्याच्या अनुभवावरून दोन शब्द बोलण्याची मोकळीक घेतो. शिष्य पहिल्या दिवशी गळा लावतो तेव्हा तो बहुधा बेसूरच असतो. त्या दिवशी गुरू हसला, तर तो मुलगा जन्मात गाणार नाही. कारण तोंड उघडल्याखेरीज सूर सापडत नाही, आणि चुकीचा सूर लागल्याखेरीज बरोबर सूर कोणता हे कानाला कळत नाही. म्हणून जुने गुरू आधी नुसते ऐकवीत. तंबोऱ्याच्या नादात शिष्याला बसवीत, महिनोन् महिने षड्जच म्हणून घेत. स्वरलिपी हे थोर साधन आहे, भातखंड्यांचे उपकार आपण फेडू शकणार नाही. पण स्वरलिपी वाचून कोणी गवई झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्या शाळांतली इंग्रजी ही अशी आहे: कान नाही, गळा नाही, पहिल्या दिवसापासून स्वरलिपी.

परभाषा प्रेमाने आणि कानाने घेतली तर ती किती आपली होते, याचा दाखला आपल्या घराघरांत रोज सकाळी वाजत असतो. भीमसेन जोशी गदगचे, घरची भाषा कन्नड. त्यांनी गायिलेले मराठी अभंग ऐकताना हा गवई मूळचा कानडी, असे कोणाच्या मनात तरी येते काय? मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडच्या बाजूचे, कन्नड घरातले. त्यांना विद्या मिळाली ती मिरजेच्या नीलकंठबुवांकडून, आणि मग कोल्हापूर दरबारच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडून, मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडून. कन्नड, मराठी, हिंदुस्थानी या तिन्हींचा तेथे संगम आहे, आणि तिघींपैकी एकीचेही नुकसान झालेले नाही.

आता सरकारने काय केले, तेही पाहू. कर्नाटकाच्या शासनाने २९ एप्रिल १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथी शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडातून द्यावे असे ठरवले. हेतू उत्तम. पण कित्येक शाळांनी कागदावर कन्नड माध्यम लिहून दिले आणि वर्गात इंग्रजी चालवली. २००६ साली अशा अनेक शाळांची मान्यता काढून घेण्याची वेळ आली. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, राज्याला प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. मधल्या काळात, २००७-०८ पासून, सरकारी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला, आणि २०१९-२० पासून एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू करण्यात आले. २०१५ च्या कायद्याने कन्नडही सर्व शाळांत आवश्यक झाले. ज्या राज्यात राहावयाचे त्या राज्याची भाषा यावी, यात गैर काहीच नाही. परिणामी सीमेवरच्या मराठी शाळेतील मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या लहान वयातच गिरवू लागते. मुलांना हे झेपत नाही असे मी म्हणणार नाही, त्यांना झेपते. प्रश्न शिकवण्याच्या रीतीचा आहे. पहिलीपासून इंग्रजी आणली म्हणजे इंग्रजी आली, असे होत नाही. २०१६ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांनाच साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली. इयत्ता खाली आणून रेघा वाढल्या, एवढेच.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो मोलाचा आहे. कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या प्रतिष्ठित घराण्यांतले लोक. तुम्हाला मातृभाषेचे गोडवे गाणे सोपे आहे. ज्यांना शतकानुशतके वेदही नाकारले आणि पोथीही नाकारली, त्यांना इंग्रजीने दार उघडून दिले, त्याचे काय? हे अगदी खरे आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी 'काव्यफुले' या १८५४ च्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा पुरस्कार केला. डॉ. आंबेडकर कोलंबियाला आणि लंडनला जाऊन विद्येच्या सर्वोच्च पदव्या घेऊन आले. म्हणून गावकुसाबाहेरच्या मुलाला जो कोणी सांगेल की तुला इंग्रजी नको, तो त्याचा हितशत्रू समजावा. पण याच उदाहरणांची दुसरी बाजू पाहा. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढले ते मराठीत, आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले तेही मराठीत. तिकडे पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढणारी मंडळी पुढच्याच वर्षी 'केसरी' काढती झाली. ज्यांची इंग्रजी खरी होती, त्यांची मराठी धारदार झाली. एकीच्या बदल्यात दुसरी, असा सौदा त्यांनी कधी केला नाही. तो सौदा आपण सुरू केला आहे.

आपण म्हणजे कोण, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक सूत्र ठरले होते: शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले एखाद्या अल्पसंख्य भाषेची असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. १९५६ साली घटनेत ३५०-अ हे कलम घालून प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकण्यात आली. म्हणजे वर्ग टिकण्यासाठी दहा मुले लागतात. सीमेवरच्या कित्येक गावांत ते दहावे मूल आज सापडेनासे झाले आहे. ते कोठे गेले? ते गेले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून. आणि आधी कोणाचे गेले? वकिलाचे, डॉक्टरांचे, देशमुखांचे, जोशीबुवांचे. ज्या घरांनी १९०७ साली वर्गणी काढून मराठी शाळा उभ्या केल्या, त्यांच्या पणतवंडांनी त्या आधी सोडल्या. मागे उरली ती ज्यांना गाडीभाडे परवडत नाही त्यांची मुले. आणि त्या मुलांना कळून चुकले की, आपली शाळा ही गरिबांची शाळा आणि आपली भाषा ही गरिबांची भाषा. मग ते इंग्रजीला भस्म समजले, तर दोष त्यांचा नाही.

आपल्या शहरातील स्थिती याहून फार वेगळी आहे असे कोणी समजू नये. आपलीही घराणी संस्थानच्या आश्रयाने परमुलखात आली, रुजली. आपल्याही मराठीत इकडच्या भाषेचे शब्द आले, हेल आला. पुण्याचे पाहुणे आपल्यालाही हसले, आणि आपण ते मुकाट्याने सोसले. मात्र आपण स्वतः आणखी दूरच्या मराठीला, बिदरच्या, बेळगावच्या, तंजावरच्या मराठीला, हसावयाचे सोडले नाही. घरात नातू आजीशी बोलताना अडखळला तर आपण कौतुकाने सांगतो, त्याला मराठी जमत नाही हो, इंग्रजी शाळा ना! हे कौतुक ऐकून तो नातू काय शिकतो, याचा विचार करावा. वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शाळेत लाकडी पाटी अडकवीत. दिवसअखेर ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला शिक्षा. तेथील लोकांनी पुढे पिढ्यांच्या कष्टाने आपल्या भाषेच्या शाळा पुन्हा उभ्या केल्या. आपण आपल्या मुलांच्या गळ्यात पाटी अडकवीत नाही. आपण नुसते हसतो. पाटीचे काम तेवढ्याने होते.

मग करावे काय? मला तीन गोष्टी सुचतात, आणि तिन्हींना खर्च थोडा आहे.

पहिली, इंग्रजी आधी कानाने द्यावी. पहिली दोन वर्षे पाटी-पुस्तक बाजूला ठेवून गोष्टी, गाणी, आज्ञा, हिशेब, खेळ यांतून ती ऐकवावी आणि बोलवावी, जशी ती मुलगी कासारणीकडून दखनी शिकली तशी. हे शास्त्र आपल्याकडे नाही असे नाही. इंग्रजी अध्यापनाची मध्यवर्ती संस्था १९५८ पासून हैदराबादेत आहे, बेंगळुरूला प्रादेशिक संस्था १९६३ पासून आहे. बिदर या दोहोंपासून रेल्वेच्या वाटेवर आहे. कमतरता आहे ती त्या संस्थांतले ज्ञान औरादच्या एकशिक्षकी शाळेपर्यंत पोहोचण्याची.

दुसरी, मुलाला इंग्रजीत त्याची स्वतःची गोष्ट सांगू द्यावी. तुरीचे शेत, माणिकनगरची जत्रा, बिदरच्या कारागिराने काळ्या धातूवर बसवलेली चांदीची तार, भीमा-अमरजेचा संगम, खुरपणीला गेलेली खरी आई. आधी ती मराठीत सांगावी, मग कन्नडात, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मोडकी चालेल. जी भाषा आपल्या आयुष्याला स्पर्श करते, ती घोकावी लागत नाही. मराठीचे तरी काय झाले? अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडाकडून आले. वकील, अर्ज, तारीख, दप्तर हे फारसी-अरबीकडून. तिकीट आणि टेबल इंग्रजीकडून. ज्या भाषेने इतके पाहुणे पचवले, तिच्या लेकरांनी पाहुण्याला भिण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट मोठ्यांनी करावयाची आहे. हसणे बंद करावे. शिक्षकाने वर्गात, मामाने घरात, आणि आपण सर्वांनी समारंभात. आपल्यापैकी कित्येक जण बँकेतून, महाविद्यालयातून, रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. इंग्रजीत जन्म गेलेला आहे. गाणगापूरची वारी आणि माणिकनगरची दत्तजयंती आपण चुकवीत नाही. त्या वारीला चार दिवस जोडून जवळच्या मराठी शाळेत बसावे, मुलांशी सोपे इंग्रजी बोलावे, आणि त्यांचे 'करलालास' मन लावून ऐकावे. त्यांना देणगीच्या खुर्च्या नको आहेत. चूक केली तरी ऐकून घेणारा एक जाणता माणूस त्यांना हवा आहे. तसा माणूस त्यांना कन्नडासाठी बाजारात भेटतो, दखनीसाठी भेटतो, इंग्रजीसाठी मात्र भेटत नाही.

इंग्रजी त्या मुलांना येईल, याविषयी मला मुळीच शंका नाही. चार भाषा पचवणाऱ्या गळ्याला पाचवी अवघड नाही. भीती वेगळीच आहे. त्यांना ती अशी यावी की तिच्यासाठी आजीची भाषा टाकून द्यावी लागली, आणि मग तीही परीक्षेच्या मांडवापलीकडे टिकली नाही, म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. भस्माची विद्या एका स्नानात गेली. रियाजाची जात नाही. आणि रियाज, कोणताही असो, आपल्या स्वतःच्या षड्जावरूनच सुरू करावा लागतो.